संगणक सुरू झाला, पण प्रेस बंदच

प्रश्न : वेंगुर्ल्यात आमचं छोटं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते खिळे जुळवण्याच्या काळात सुरू केलं आणि २००१ पासून सगळं काम संगणकावर आलं. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, दशावतारी मंडळांची पत्रकं, सोसायटीचे वार्षिक अहवाल, सगळं त्यातच आहे. यंदा मिरगात विजा झाल्या त्या रात्री लाइट तीन-चार वेळा आली-गेली. सकाळी संगणक लावला तर निळा पडदा, पुढे काही नाही. दुरुस्तीच्या मुलाने जुनी हार्ड डिस्क काढून पुडीत बांधून दिली, नवी एसएसडी (न फिरणारी डिस्क) घातली आणि विंडोज १० चौसष्ट बिट टाकलं. प्रोसेसर जुना म्हणून ११ चालत नाही म्हणाला. खात्याला आमच्या देवाचं नाव मराठीत दिलंय, लावल्या लावल्या ‘श्री देव रवळनाथ’ दिसतं. संगणक छान पळतो, पण मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर काही बसत नाही. २००१ ची सीडी लावली की ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ असं येतं. २०११ साली घेतलेली दुसरी सीडी आहे, तिचं सेटअप नव्वद टक्क्यांपर्यंत जातं, मग १६०३ असा आकडा दाखवून मागे फिरतं. मध्ये एकदा एक चौकट आली, तिच्यात ‘सी, यूजर्स’ आणि पुढे नुसती प्रश्नचिन्हं होती. पाच वेळा करून बघितलं. शेवटी त्या दुरुस्तीच्या मुलाने जुन्या डिस्कवरचा फोल्डरच उचलून इकडे टाकला. त्याने सॉफ्टवेअर उघडतं, पण ‘की नॉट फाउंड’ म्हणून बंद होतं. पानं लावण्याचं सॉफ्टवेअर चालतं. त्यात जुन्या फायली उघडतात, पण मराठीच्या जागी टोप्या आणि टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. आता तो म्हणतो की जुनी डिस्क परत जोडून तिच्यावर रिपेअर मारू. मारू द्यावं का? गणपतीच्या आरत्यांची पुस्तकं छापायची आहेत, दिवस थोडे राहिलेत. — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताई, रिपेअर मारू देऊ नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एवढं त्या मुलाला आजच सांगा. डिस्क पुडीतच राहू दे.

तुमच्या पत्रात दोन दुखणी एकमेकांत गुंतली आहेत. सॉफ्टवेअर बसत नाही हे एक. ते आज नाही तर आठवड्याने बसेल, नाहीच बसलं तर दुसरं मिळेल. दुसरं दुखणं तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण मला त्याचीच काळजी वाटते : वीस-पंचवीस वर्षांचं काम एकाच डिस्कवर आहे आणि ती डिस्क आजारी आहे. रिपेअर म्हणजे काय करतात? विंडोजचा डिस्क तपासनीस फायलींची यादी आणि प्रत्यक्ष डिस्क यांचा मेळ घालतो. जिथे मेळ बसत नाही तिथे तो यादी बदलतो, फायलींचे तुटके तुकडे वेगळ्या फोल्डरात नंबर देऊन टाकतो. संगणक सुरू व्हावा म्हणून ते ठीक आहे. पण हे सगळं तो त्याच डिस्कवर लिहितो, मागे घेता येत नाही. त्यातून डिस्कचा पृष्ठभाग किंवा आतली सुई दुखावलेली असेल, तर तो तासन्‌तासचा तपासच तिचा शेवट करतो.

मी कुडाळात १९९८ पासून हेच काम करतो. २००३ मध्ये जवळच्या गावातले एक वैद्य त्यांचा संगणक घेऊन आले होते. सुरू होत नव्हता. ‘सगळं नवीन घालून द्या’ म्हणाले. मी डिस्क फॉरमॅट केली, विंडोज एक्सपी घातलं, दुपारपर्यंत दिलं. आत काय आहे, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. रोग्यांच्या नोंदी, कुठल्या पाल्याने कोणाला गुण आला ते, सगळं त्यात होतं. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, ‘माझी पाच वर्सा खंय गेली?’ मी आठवडाभर खटपट करून काही पानं परत काढली, पण एक्सपीच्या फायली ज्या जागेवर बसल्या होत्या तिथलं काही हाती लागलं नाही. त्या दिवसापासून माझ्या दुकानात संगणक टेबलावर ठेवला की पहिला प्रश्न हाच असतो : आत काय आहे, आणि ते आणखी कुठे आहे का?

तुमच्या दुरुस्तीच्या मुलाने जुनी डिस्क पुसून तिच्यावरच विंडोज घातलं नाही, वेगळी काढून दिली, याबद्दल त्याचे आभार माना. नवी एसएसडी घेतली ते फार बरं झालं. पण एक ध्यानात ठेवा. जुन्या फिरत्या डिस्कवरून चुकून पुसलेलं पुष्कळदा परत मिळतं. एसएसडीचं तसं नाही. पुसलेल्या जागा मोकळ्या झाल्याचं विंडोज तिला कळवतं आणि ती त्या आतल्या आत रिकाम्या करून टाकते. पुढे नवी एसएसडी बिघडली किंवा पुसली गेली, तर असली आशा ठेवता येणार नाही.

आता डिस्कची नक्कल. डिस्क यूएसबीला जोडायचा ॲडाप्टर मिळतो. तुमची टेबलावरच्या संगणकातली, म्हणजे साडेतीन इंची असणार. तिला वेगळी वीज लागते, म्हणून सोबत स्वतःचा पॉवर सप्लाय असलेला ॲडाप्टर घ्या. नुसत्या यूएसबी केबलवर ती धड फिरत नाही आणि माणसाला वाटतं डिस्क मेली. जोडल्यावर कान द्या. एकसारखा गुंजारव येत असेल तर पुढे जा. टक-टक, थोडं थांबून पुन्हा टक-टक असं वाजायला लागलं तर लगेच वीज काढा. मग ते गावातल्या दुकानाचं काम नाही, डेटा रिकव्हरीच्या लॅबचं आहे.

आवाज नीट असला तरी फायली एक-एक उचलू नका. आधी सबंध डिस्कचं एका फाइलीत चित्र (इमेज), म्हणजे हुबेहूब नक्कल, उतरवून घ्या. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीच्या पेनड्राइव्हवर डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन चालतं. ते आधी धडधाकट भाग भराभर वाचून घेतं आणि अडलेल्या जागांकडे मागाहून परत येतं. साधी कॉपी पहिल्याच खराब जागी अडून बसते आणि तेवढ्या वेळात डिस्क आणखी थकते. चित्र एकदा हातात आलं की जे काही प्रयोग करायचे ते त्या चित्राच्या प्रतीवर. जुनी डिस्क पुन्हा पुडीत.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर माझ्याकडे चिखलाने भरलेल्या डिस्का आल्या होत्या. ज्यांनी त्या न धुता, न वाळवता, न जोडता प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आणल्या, त्यांना निदान लॅबकडे पाठवण्यासारखं काही होतं. ज्यांनी उन्हात वाळवून एकदा ‘लावून बघितलं’, त्यांच्या आतल्या तबकड्यांवर मातीने रेघा ओढल्या होत्या. तुमच्या डिस्कला पाणी लागलेलं नाही, पण ‘एकदा लावून बघू’ ही इच्छा तीच आहे.

पत्र लिहिण्यामागचं तुमचं निकडीचं काम म्हणजे आरत्या. त्यासाठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बसायची वाट बघू नका. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणारी आजची पद्धत. तिच्या आधीच्या मराठी फाँटांनी आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवली होती. तुमच्या फाइलीत फक्त घरांचे नंबर आहेत, मराठी आकार फाँटमध्ये आहेत. फाँट नाही, म्हणून त्या घरांत मुळात राहणारी टोप्या-टिंबांची इंग्रजी अक्षरं दिसतात. फाइल बिघडलेली नाही, काळजी करू नका. जुन्या डिस्कच्या चित्रात विंडोजचा फाँट्स फोल्डर असेल, त्यातले तुमचे मराठी फाँट उचला आणि नव्या संगणकावर बसवा. बसवताना नुसतं ‘इन्स्टॉल’ दाबू नका, ‘सर्व वापरकर्त्यांसाठी इन्स्टॉल’ निवडा. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत साध्या ‘इन्स्टॉल’ने फाँट फक्त त्या खात्याच्या फोल्डरात जातो आणि जुन्या सॉफ्टवेअरला तो दिसतच नाही. एवढं केलंत की गेल्या वर्षीची आरत्यांची फाइल बहुधा जशीच्या तशी उघडेल आणि छापताही येईल. काही कंपन्यांचे फाँट त्यांचं सॉफ्टवेअर चालू असल्याशिवाय उमटत नाहीत. तसं निघालं तर मात्र पुढचं सगळं आधी करावं लागेल.

आता बसत नसलेलं सॉफ्टवेअर. त्याचं कारण तुम्हीच पत्रात लिहिलं आहे, दोन वेगळ्या ओळींत. खात्याला देवाचं नाव मराठीत दिलंय ही एक ओळ, आणि चौकटीत ‘यूजर्स’च्या पुढे प्रश्नचिन्हं होती ही दुसरी.

विंडोजमध्ये साधं खातं उघडताना जे नाव टाकता, त्याच नावाचा फोल्डर ‘यूजर्स’च्या आत तयार होतो. सेटअप चालू झालं की आपलं सामान आधी तात्पुरत्या फोल्डरात सोडवतं, आणि तो तात्पुरता फोल्डर तुमच्या खात्याच्या फोल्डरातच असतो. म्हणजे सेटअपला ‘श्री देव रवळनाथ’ ही वाट वाचता आली पाहिजे. युनिकोड न जाणणारी जुनी सॉफ्टवेअरं विंडोजच्या जुन्या अक्षरतक्त्यांवर चालतात. त्यात रशियन, अरबी, थाई यांचे तक्ते आहेत, देवनागरीचा कधी नव्हताच. विंडोजमध्ये मराठी आणि हिंदी आल्या त्या थेट युनिकोडमधूनच. त्यामुळे जुन्या सेटअपने ते नाव मागितलं की प्रत्येक अक्षराच्या जागी विंडोज त्याच्या हातात प्रश्नचिन्ह ठेवतं. प्रश्नचिन्हांच्या नावाचा फोल्डर डिस्कवर नाहीच, मग सामान सापडत नाही, आणि नव्वद टक्क्यांवर जाऊन सगळं गुंडाळून ते परत फिरतं. मराठी लिहिण्यासाठी केलेल्या सॉफ्टवेअरला मराठी नाव वाचता येऊ नये, याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. पण ते ज्या काळात तयार झालं त्या काळाची ती मर्यादा आहे.

खात्याचं नाव बदलून हे सुटणार नाही. नाव बदललं तरी फोल्डर जुन्याच नावाचा राहतो, आणि फोल्डरचं नाव हाताने बदलायला गेलात तर खातंच उघडेनासं होतं. नवीन खातं काढा, प्रशासकाच्या अधिकाराचं, नाव इंग्रजी लिपीत, लहान, मध्ये जागा न सोडता. ‘प्रेस’ असं इंग्रजीत टाकलं तरी पुरे. त्या खात्यात शिरून सेटअप चालवा. देवाचं नाव पडद्यावर हवं असेल, आणि ते असावंच, तर खातं तयार झाल्यावर कंट्रोल पॅनेलमधून त्याचं दिसणारं नाव मराठीत करा. आतला फोल्डर इंग्रजीच राहील आणि सकाळी संगणक लावल्यावर रवळनाथाचं दर्शनही होईल.

नव्या खात्यात जाण्याआधी एक साफसफाई करायला हवी. पाच वेळा अर्धवट बसलेल्या सेटअपने मागे कचरा ठेवलेला असतो : अर्धे फोल्डर, विंडोजच्या नोंदणीतल्या (रजिस्ट्रीतल्या) अर्ध्या नोंदी. सहाव्या वेळी सेटअपला वाटतं आपण आधीच बसलेलो आहोत. त्यात मुलाने जुना फोल्डरही आणून ठेवला. तो बाहेर काढून दुसरीकडे ठेवा, पुसू नका. अर्धवट नोंदी काढायला मायक्रोसॉफ्टचं इन्स्टॉल-अनइन्स्टॉलचं मोफत ट्रबलशूटर मिळतं, ते चालवा. मग संगणक एकदा रीस्टार्ट करा. शटडाऊन करून परत लावणं आणि रीस्टार्ट यांत विंडोज १० मध्ये फरक आहे. शटडाऊनमध्ये ते लवकर सुरू व्हावं म्हणून अर्धी स्थिती जपून ठेवतं, रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने उचलतं.

एवढं करूनही १६०३ आलाच तर त्या आकड्याला काही विचारू नका. १६०३ म्हणजे ‘काहीतरी बिनसलं’ एवढंच, ताप आला म्हणण्यासारखं. कशाने आला ते नोंदवहीत असतं. मुलाला सांगा, सेटअप सविस्तर लॉग काढून चालव आणि त्या लॉगमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द इंग्रजीत शोध. ते जिथे पहिल्यांदा सापडतील त्याच्या वरच्या दहा-पंधरा ओळींत खरं कारण असतं. कुठल्या फोल्डरात लिहायला परवानगी नाही, कुठली फाइल अँटिव्हायरसने अडवली, कुठला जुना घटक नाही. २०११ च्या सॉफ्टवेअरला पुष्कळदा डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ लागतं आणि विंडोज १० मध्ये ते आपणहून चालू नसतं. ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन खूण करावी लागते. लॉगच्या शेवटाकडून वाचायला सुरुवात करू नका, शेवटी फक्त आवराआवर असते.

२००१ ची सीडी बाजूला ठेवा, तिचा प्रश्न वेगळा आहे. त्या काळातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरचं सेटअप सोळा बिटांचं असे, आतलं सॉफ्टवेअर बत्तीसचं असलं तरी. चौसष्ट बिटांचं विंडोज बत्तीस बिटांची सॉफ्टवेअरं चालवतं, सोळाची नाही. ती सोयच त्यात ठेवलेली नाही. ‘कंपॅटिबिलिटी मोड’ लावूनही उपयोग होत नाही, त्यात वेळ घालवू नका. विंडोज ११ तर बत्तीस बिटांत निघालंच नाही. २०११ ची सीडी बसली तर जुनीची गरज नाही. काही जुन्या कामासाठी तीच हवी असली, तर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये बत्तीस बिटांचं जुनं विंडोज एका खोलीसारखं बसवता येतं, इंटरनेट न जोडता. सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी किल्ली (डोंगल) त्या आतल्या विंडोजला देता येते. प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या तोंडाला लागणारी किल्ली मात्र तिथे चालेलच याचा भरवसा नाही.

‘की नॉट फाउंड’ म्हणजे हीच किल्ली. डोंगल. तुमच्या संगणकाच्या मागे पेनड्राइव्हसारखं काही लावलेलं होतं का? असणारच. जुनं कॅबिनेट, जुना ड्रॉवर, सगळं बघा, आणि दुरुस्तीच्या दुकानात राहिलं असेल तर आजच आणा. परवाना त्या किल्लीत असतो, सीडी कितीही जपली तरी किल्ली हरवली की हक्क हरवला. नुसता फोल्डर उचलून टाकल्याने सॉफ्टवेअर उघडलं, पण किल्लीचा ड्रायव्हर त्या फोल्डरात नसतो, तो विंडोजच्या पोटात बसवावा लागतो. क्रम असा ठेवा : किल्ली काढलेली, ड्रायव्हर बसवा, रीस्टार्ट, मग किल्ली लावा. आधीच लावून ठेवली तर विंडोज स्वतःच्या मनाने भलताच ड्रायव्हर देतं आणि मग हटत नाही. चौसष्ट बिटांच्या विंडोजला ड्रायव्हरवर कंपनीची डिजिटल सही लागते, सीडीवरचा २०११ चा ड्रायव्हर अडला तर किल्ली बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा घ्या. विंडोज सुरक्षेतलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर तेही जुने ड्रायव्हर अडवतं. ते बंद करण्याआधी नवा ड्रायव्हर मिळतो का बघा.

आणि किल्लीचं तोंड बघा. आपल्याकडे समुद्राच्या वाऱ्याने पितळ, तांबं सगळं हिरवं पडतं. यूएसबीच्या चार पट्ट्यांवर डाग असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून, वाळवून लावा. वेंगुर्ले, मालवणकडून येणाऱ्या संगणकांत मी रॅमच्या सोनेरी पट्ट्यासुद्धा आधी खोडरबराने पुसतो. निम्म्या वेळा ‘बिघाड’ तिथेच संपतो.

सॉफ्टवेअर बसलं, आरत्या छापून झाल्या, की माझं एक ऐका. नवीन काम युनिकोडमध्ये सुरू करा. विंडोजमध्ये देवनागरी २००० सालापासून आहे, इनस्क्रिप्ट कळफलक आतच आहे, त्याला सीडी लागत नाही आणि किल्लीही लागत नाही. सासऱ्यांच्या काळातला माल हळूहळू बदलून घ्या. जुन्या फाँटातून युनिकोडात नेणारी परिवर्तकं आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलटं. म्हणून ‘कीर्तन’, ‘दर्शन’, ‘निमंत्रित’ असले शब्द हमखास बिघडतात. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला फरक तर पुष्कळ परिवर्तकांना कळतच नाही. एक जण जुना छापील कागद घेऊन बसला आणि दुसऱ्याने पडद्यावरून वाचलं तर दिवसाला बरीच हँडबिलं होतात. दशावतारी मंडळांची पत्रकं आधी घ्या. कुठल्या साली कुठल्या जत्रेत कुठल्या मंडळाने कुठलं आख्यान लावलं, कामं कोणी केली, हे दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेलं असेल असं मला वाटत नाही. तुमच्या प्रेसमध्ये ते छापलं गेलं म्हणून आहे. ती डिस्क मी एवढी जपायला सांगतोय ती याचसाठी.

प्रती दोन ठेवा, एक दुकानात आणि एक घरी किंवा माहेरी, आणि दुसरी कायम जोडून ठेवू नका. वीज आत आली तर जोडलेलं सगळं एकदमच जातं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. म्हणून टायपिंग-छपाईच्या या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नका. आणि आकाश वाजायला लागलं की यूपीएसच्या भरवशावर राहू नका, प्लग काढा, मोडेमची वायरही काढा. विजेच्या लाइनपेक्षा मोडेमच्या वायरीवाटे आत आलेल्या धक्क्याने मी जास्त मदरबोर्ड गेलेले बघितले आहेत. जांभ्यावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा चटकन सुकतो. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर बहुधा खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी घालायची वेळ झालेली आहे.

प्रश्न : मी देवगडचा आंबा बागायतदार. सीझन संपल्यावर मे अखेरीस संगणक बंद करून झाकून ठेवला. जुलैत लावला तर विंडोज सारखं अडकायला लागलं, म्हणून पुन्हा टाकून घेतलं. हिशेबाचं सॉफ्टवेअर बसलं, पण परवाना ॲक्टिव्हेट होत नाही. बँकेची साइटसुद्धा ‘सुरक्षित नाही’ म्हणते. इंटरनेट तर चालू आहे. — एक वाचक, देवगड

उत्तर : दादा, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचा. बहुतेक दहा-बारा वर्षांपूर्वीची असेल. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, घड्याळातल्यासारखा. प्लग काढलेला असताना संगणकाचं घड्याळ त्याच्यावर चालतं. सेल संपला, दोन महिने वीज नाही, घड्याळ मागे गेलं. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालतं, तुमच्या संगणकाच्या मते ती तारीख अजून उजाडलेलीच नाही. परवाना देणारा सर्व्हरही त्याच कारणाने नकार देतो. तारीख, वेळ आणि भारताचा टाइम झोन नीट करा, पुन्हा ॲक्टिव्हेट करा, चालेल. सेल लगेच बदला, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. मागची तारीख असताना हिशेबात एखादी नोंद केली असेल तर ती शोधून दुरुस्त करा, नाहीतर जीएसटीच्या वेळी ती आठवणार नाही.

जुना डेटा उघडताना तो ‘नव्या आवृत्तीत तयार झालेला आहे’ असं सॉफ्टवेअर म्हणालं, तर डेटाला हात लावू नका. तुमच्या सीडीवरची आवृत्ती जुनी आहे, मध्यंतरी इंटरनेटवरून सॉफ्टवेअर अद्ययावत झालं होतं. तेवढीच किंवा त्यापुढची आवृत्ती बसवा, मग उघडा.

प्रश्न : गुहागरहून लिहिते. शाळेचा संगणक फॉरमॅट केल्यावर निकालपत्रकाचं सॉफ्टवेअर टाकलं, पण ते एक डीएलएल फाइल सापडत नाही म्हणतं. नावाच्या शेवटी रनटाइम १४० असं काही आहे. इंटरनेटवरून ती फाइल शोधून सिस्टिमच्या फोल्डरात टाकली, आता वेगळीच चूक दाखवतं. — एक शिक्षिका

उत्तर : बाई, ती फाइल एकटी नसते. ती मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल नावाच्या संचातली आहे. जुन्या विंडोजवर तो संच दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरबरोबर आपोआप आलेला होता, म्हणून इतकी वर्षं तुम्हाला त्याचा पत्ता नव्हता. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून संच घ्या, आणि विंडोज चौसष्ट बिटांचं असलं तरी बत्तीस आणि चौसष्ट असे दोन्ही बसवा. निकालपत्रकाचं सॉफ्टवेअर बत्तीसचं असेल तर त्याला बत्तीसचाच लागतो. त्याआधी तुम्ही टाकलेली ती सुटी फाइल तिथून काढा. अनोळखी साइटवरून आलेली आहे आणि त्या यंत्रात मुलांची नावं, जन्मतारखा आहेत, म्हणून विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन एकदा रात्रभर लावून ठेवा.